मुठीमुठीनं बेगमी: मराठवाड्यातल्या घरासाठी धान्य, पाणी आणि अडीअडचणीची तयारी

मराठवाड्यात एकाच संकटापुरती बेगमी करून भागत नाही. १९७२ च्या दुष्काळात मदत म्हणून मिळालेल्या सुकडीवर आणि तांबड्या मिलोवर (परदेशातून आलेल्या ज्वारीवर) दिवस काढलेली माणसं अजून घरोघरी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात दगडमातीच्या भिंती आणि माळवदं कोसळली, तेव्हा भरलेली बळदं आणि कणग्याही त्याच मातीखाली गेल्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात नद्या घरात शिरल्या, कोठीतलं धान्य भिजून त्याला कोंब आले. पुढचं संकट कोणतं, हे ओळखण्यात डोकं शिणवण्यापेक्षा चारही वेळा कामाला येईल अशी तयारी करणं शहाणपणाचं.

काही घरांत एक शंका हमखास निघते: देवावर भरवसा आहे, तर साठवायचं कशाला? ज्या घरात महालक्ष्म्या बसतात तिथं त्यांच्या कोठ्या धान्यानं भरतात, रिकाम्या ठेवत नाहीत. दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली, ही कथा वारकऱ्यांच्या घरात लहानपणीच कानावर पडते. पण कोठारं आधी भरलेली होती म्हणूनच ती उघडता आली. हजरत युसूफांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखून पुढची सात दुष्काळी वर्षं निभावली, हे मुस्लिम आणि ख्रिस्ती दोन्ही घरांत सांगतात. श्रद्धेचा बेगमीला विरोध नाही. श्रद्धा एवढंच करते की घाबरून, कर्ज काढून, एका दिवसात सगळं घेण्याची गरज उरत नाही. भीतीनं घेतलेलं धान्य बहुतेक वेळा ओलं, महाग आणि गरजेपेक्षा जास्त असतं, आणि पावसाळा संपायच्या आत त्याला किडे लागतात.

सुरुवात मुठीची

सकाळी स्वयंपाकासाठी ज्वारी, तांदूळ किंवा डाळ काढताना खाणाऱ्या माणसागणिक एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. पीठ नाही, धान्यच. नाव घ्यायचं तर अन्नपूर्णेचं घ्या, विठ्ठलाचं घ्या, बिस्मिल्ला म्हणा. पण वेळ ठरलेली असू द्या, कारण वेळ ठरली की विसर पडत नाही.

आपली मूठ एकदा काट्यावर मोजून बघा. मध्यम हाताची मूठ साधारण ५० ग्रॅमच्या आसपास भरते. पाच माणसांच्या घरात रोज पाच मुठी म्हणजे पाव किलो, महिन्याला साडेसात किलो. सहा-सात महिन्यांत एका महिन्याचं धान्य बाजूला पडतं, आणि घरखर्चात कुठं ओढाताण झाल्याचं जाणवतही नाही. सहावी मूठ वेगळ्या डब्यात टाका. ती दारी येणाऱ्याची. महिन्याला दीड किलो होते, आणि शेजारच्या घरात चूल पेटली नाही तर विचार न करता देता येते.

मुठीचा डबा मात्र तसाच कोठीत ओतू नका. रोजच्या डब्यातल्या धान्यात किड्यांची अंडी असू शकतात आणि वेगवेगळ्या वेळी काढलेल्या धान्याचा ओलावाही वेगवेगळा असतो. महिन्याचं साठलेलं एकत्र चाळा, उन्हात वाळवा, मगच मुख्य साठ्यात घाला. ही एक पायरी गाळली म्हणून अख्खी कोठी किडल्याची उदाहरणं गावोगाव सापडतील.

किती लागतं

मोठ्या, कष्टाच्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम धान्य, ८० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ३० ते ३५ ग्रॅम तेल, ३० ग्रॅम गूळ किंवा साखर आणि २० ग्रॅम शेंगदाणे एवढा हिशोब धरला तर साधारण २,२०० कॅलरी मिळतात. दोन मोठी माणसं, एक म्हातारं माणूस आणि दोन लेकरं अशा पाचजणांच्या घराला चार मोठ्या माणसांएवढं धरा. म्हणजे एका महिन्याला:

ज्वारी, गहू, बाजरी, तांदूळ मिळून ४८ किलो (एक कट्टाच म्हणा)
डाळी आणि कडधान्यं १० किलो
तेल ४ ते साडेचार लिटर
गूळ-साखर ४ किलो
शेंगदाणे अडीच किलो
मीठ २ किलो. तिखट, हळद, काळा मसाला घरच्या सवयीप्रमाणे

साठा तीन थरांत वाढवा. पहिला थर तीन दिवसांचा, न शिजवता खाता येईल असा. दुसरा पंधरा दिवसांचा, थोड्या इंधनात शिजणारा. तिसरा तीन महिन्यांचा, आणि शेती घरची असेल तर धान्यापुरता वर्षाचा. पहिला थर पुरा झाल्याशिवाय तिसऱ्याच्या मागे लागू नका. घरात सहा कट्टे ज्वारी आहे, पण पूर आल्यावर उचलून न्यायला फुटाण्यांची पुडी नाही, अशी स्थिती नेहमी दिसते.

काय ठेवायचं

जे रोज खाता तेच. स्वस्त मिळालं म्हणून कुणी न खाणारं धान्य भरलं तर ते शेवटी जनावरापुढं जातं.

ज्वारी रब्बीची घ्या. शाळू, मालदांडी या ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत होते, दाणा वाळलेला आणि पांढरा येतो. खरिपाची हायब्रीड कणसात असतानाच पावसात सापडली की काळी पडते. तो काळेपणा बुरशीचा असतो, आणि ती ज्वारी साठवायच्या कामाची नाही. बाजरी दाण्याच्या रूपात टिकते, पण तिच्यात स्निग्धांश जास्त असल्यामुळे पीठ आठवड्याभरात कडू होतं. ज्वारीचं पीठ उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे ठीक राहतं. म्हणून साठा दाण्यांचा, पीठ पाच किलोच्या वर नको.

पण दाणा साठवला की गिरणीची अडचण उभी राहते. पुरात नाहीतर वादळात वीज चार दिवस गेली की गिरणी बंद. अडगळीत पडलेलं जातं असेल तर टाकवून (दगडाला नवे टाके पाडून) घेऊन ठेवा. जातं नसेल तर पंधरा दिवसांच्या थरात न दळता शिजणारे जिन्नस हवेत: तांदूळ, मूगडाळ, ज्वारीच्या कण्या, गव्हाचा भरडा, आणि घुगऱ्यांसाठी हरभरा. कण्या भरपूर करून ठेवू नका. दाणा फुटला की किडा लवकर धरतो. दोन-तीन किलो पुरेत, महिन्या-दीड महिन्यात संपवून नव्या करा.

तूर घरची असेल तर अख्खी तूर वर्षभर न ठेवता लवकर भरडून डाळ करा. कडधान्याचा भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, म्हणजे किडा आपल्यासोबतच घरी येतो. अख्ख्या दाण्यात तो वाढतो, फोडलेल्या डाळीत त्याची वाढ फारशी होत नाही. डाळीला किलोमागं एक चहाचा चमचा एरंडेल किंवा खायचं तेल हातानं चोळून ठेवण्याची आपल्याकडची रीत खरीच गुणाची आहे; शिजवण्यापूर्वी धुवून घ्या. डाळ विकत घ्यायची तर नवी तूर बाजारात आल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये.

हुलगे विसरू नका. माडग्याला (हुलग्याच्या पातळ पेजेला) मूठभर पीठ पुरतं, आजारी माणसालाही चालतं. येसर तर मराठवाड्याच्या बेगमीतलं सगळ्यात हुशार अन्न आहे. भाजलेलं धान्य, डाळ आणि मसाले दळून केलेलं ते पीठ गरम पाण्यात कालवून उकळलं की दहा मिनिटांत आमटी तयार. भाजताना ओलावा निघून गेलेला असतो, म्हणून कोरड्या बरणीत ते महिनोन्‌महिने राहतं. किलोभर येसर पाच माणसांच्या बऱ्याच जेवणांना पुरतं.

भाजी म्हणून वाळवण: गवार, मेथी, वांग्याच्या फोडी, हरभऱ्याचा पाला, सांडगे, बाजरीच्या खारोड्या. गवार मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून मग वाळवली तर रंग टिकतो आणि नंतर लवकर शिजते. वाळली की नाही हे बघायला शेंग मोडा. कट्कन तुटली पाहिजे. वाकली तर अजून एक ऊन द्या.

शेंगदाणे सोलून तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, शेंगाच ठेवा. ज्या दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी दिसते, जो खाल्ल्यावर कडू लागतो, तो टाकून द्या. त्या बुरशीचं विष भाजून-तळून जात नाही. चटणीत तर मुळीच वापरू नका.

तशीच काळजी भगरीची. उपवासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यांतून दरवर्षी येतात. कारण बुरशीच: दमट जागी ठेवलेली जुनी भगर आणि तिचं सुट्टं दळलेलं पीठ. भगर पाकीटबंद, तारीख बघून घ्या, निवडून धुवून घ्या, पीठ लागेल तेवढंच घरी करा. तीन महिन्यांच्या साठ्यात भगर घालायची गरज नाही.

तेलाचा डबा अंधाऱ्या, गार जागी ठेवा. करडईचं घाण्याचं तेल चवीला उत्तम, पण लवकर खवट होतं. ते तीन महिन्यांपुरतंच घ्या. रेशनचा तांदूळ आला तर त्यात वेगळ्या दिसणाऱ्या दाण्यांना प्लॅस्टिक समजून वेचून टाकू नका. ते लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले दाणे असतात. हा तांदूळ आधी वापरा, साठवण दुसऱ्याची करा.

वाळवणं आणि भरणं

साठा बिघडतो तो बहुतेक वेळा ओलाव्यानं. किडा, बुरशी, वास, सगळं त्याच्यामागून येतं. साठवायच्या धान्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, डाळींत ९-१०, शेंगदाण्यात ७-८.

घरी मोजायचं यंत्र नसतं, पण दोन परीक्षा आहेत. एक जुनी: दाणा दाताखाली धरा. कट् आवाज होऊन फुटला तर वाळलेला, दबला किंवा चिकटला तर ओला. दुसरी मिठाची: कोरड्या काचेच्या बाटलीत दोन-तीन चमचे अगदी कोरडं मीठ आणि वाटीभर धान्य घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा, पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही म्हणून लगेच भरू नका, कारण १२ ते १५ च्या मधलं धान्य ही परीक्षा पास होतं आणि श्रावणात बुरशी धरतं. मीठ चिकटलं नाही आणि दाताखाली कट् वाजलं, अशा दोन्ही खुणा मिळाल्या तर भरायला हरकत नाही.

वाळवण एप्रिल-मेमध्ये. ताडपत्रीवर धान्याचा थर दोन बोटांपेक्षा जाड नको, तासा-तासाला खालवर करा, दोन-तीन उन्हं द्या. कडधान्य काळ्या ताडपत्रीवर पातळ पसरून वरून पारदर्शक प्लॅस्टिक टाका, कडा विटांनी दाबा आणि दुपारचे चार-पाच तास तसंच राहू द्या. आतली उष्णता भुंगेऱ्याची अंडीही मारते. पेरायच्या बियाण्याला मात्र हा उपाय करू नका, उगवण कमी होऊ शकते. बियाण्याची कणसं आढ्याला टांगून ठेवायची जुनी रीत चांगली आहे; युसूफांच्या गोष्टीतही धान्य कणसातच राखायला सांगितलं आहे.

संध्याकाळी गरम धान्य तसंच कोठीत ओतणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. गरम दाण्यातली वाफ रात्री थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते आणि कडेचा थर कुजतो. रात्रभर घरात पसरून थंड होऊ द्या, सकाळी ऊन तापायच्या आत भरा.

कोठी किंवा ड्रम आधी रिकामा करून, घासून, दिवसभर उन्हात तापवा. जुन्या कोपऱ्यात राहिलेली मूठभर ज्वारी म्हणजे किड्यांचं बियाणं. बारदान्याच्या शिवणीत अंडी असतात. पोतं पुन्हा वापरायचं तर उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवा. जुन्यात नवं कधीही मिसळू नका.

२०० लिटरच्या ड्रममध्ये साधारण १४५ ते १५० किलो ज्वारी मावते. ड्रम काठोकाठ भरा, वर मोकळी जागा कमीत कमी ठेवा. झाकणाच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बसवून वरून चिकटपट्टी लावली की बऱ्यापैकी हवाबंद होतं. बंद जागेत दाणे आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवतात आणि दोन-तीन आठवड्यांत किडे मरतात, म्हणून पहिला महिना झाकण उघडूच नका. काही जण आत दिवा किंवा कापूर पेटवून झाकण लावतात. आतला प्राणवायू थोडा कमी झाला की ज्योत विझते, पण तेवढ्या कमतरतेनं किडे मरत नाहीत, आणि प्लॅस्टिकच्या ड्रमला आग लागायचा धोका वेगळाच. तो दिवा देवापुढं लावा.

ओलं धान्य हवाबंद केलं तर ते आंबतं. हवाबंद डबा वाळवण्याची जागा घेऊ शकत नाही.

कोठी विटांवर किंवा फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. आपल्याकडं पत्र्याची घरं खूप आहेत. पत्रा दिवसा तापतो, रात्री थंड होतो, त्यामुळं कोठीच्या वरच्या थरात ओल जमते. म्हणून कोठी माळ्यावर पत्र्याखाली नको, घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या भिंतीशी हवी. पंधरा दिवसांनी कोठीला बाहेरून हात लावा. एखादी जागा इतर जागेपेक्षा गरम लागली, कुबट वास आला, तर पहिला महिना झाला नसला तरी त्याच दिवशी उघडा.

औषधांबद्दल स्पष्ट बोलायला हवं

बाजारात धान्यात ठेवायच्या गोळ्या मिळतात. त्यातल्या ज्या गोळ्यांतून वायू निघतो (अॅल्युमिनियम फॉस्फाइड, आपल्याकडं सेल्फॉस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या), त्या राहत्या घरात ठेवणं म्हणजे झोपलेल्या माणसांचा जीव धोक्यात घालणं आहे. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, तो फटींतून शेजारच्या खोलीत जातो, आणि लेकरं सगळ्यात आधी बळी पडतात. बंद पोत्यात, कपाटात, अंगणाच्या खोलीत, कुठंच नाही. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडरही खायच्या धान्यात नको.

सुकवलेला कडुलिंबाचा पाला थराथरात घालायला हरकत नाही. पाला हिरवा असेल तर त्याच्याच ओलाव्यानं बुरशी येते, म्हणून सावलीत चुरचुरीत वाळवून घ्या. तरी खरं काम ऊन आणि हवाबंद झाकण करतात, पाला फक्त मदतीला.

शेतकरी घरांत आणखी एक काळजी: फवारणीची औषधं, खतं आणि धान्य एका खोलीत नको. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल-पाणी भरू नका. लाल-गुलाबी रंगाचं, प्रक्रिया केलेलं उरलेलं बियाणं दळणात जाऊ देऊ नका; त्याची पिशवी गाठ मारून वेगळ्या जागी ठेवा.

पाणी

पिण्यासाठी माणशी दिवसाला ३ ते ४ लिटर, मे महिन्यात ५. स्वयंपाक धरून ८ लिटरचा हिशोब करा. पाच माणसं, तीन दिवस, म्हणजे १२० लिटर. वीस लिटरचे सहा जार. वापरायचं पाणी याशिवाय.

नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरांत घरोघरी टाक्या-बॅरल भरलेले असतात, आणि डेंग्यूचा डास नेमका याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यातून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. जे रिकामं करता येत नाही त्याला कापड घट्ट बांधा.

गढूळ पाणी आलं तर क्रम चुकवू नका. आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग चौपदरी कापडानं गाळा, मगच क्लोरीन. गढूळ पाण्यात टाकलेलं क्लोरीन मातीतच संपतं. टाकीला हजार लिटरमागं ५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर: थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत घाला, अर्धा ते एक तास थांबा. उघड्या पुडीतली पावडर काही महिन्यांत निकामी होते. क्लोरीनच्या बाटलीचं प्रमाण तिच्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच घ्या. काहीच नसेल तर पाणी खळखळ उकळवा. पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल तर उपसा, निर्जंतुकीकरण आणि ग्रामपंचायतीकडून तपासणी होईपर्यंत ते पिऊ नका.

जुलाबासाठी एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवू नका. लेकरांना त्याचा त्रास होतो.

चूल आणि सरपण

सिलिंडर दोन असतील तर एक संपल्याच्या दिवशी दुसऱ्याची नोंदणी करा. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या यांचा पंधरा दिवसांचा साठा जमिनीपासून वर, प्लॅस्टिकखाली. काडेपेट्या बरणीत. हरभरा रात्रभर आणि डाळ तासभर भिजवली की इंधन बरंच वाचतं. खिचडीला उकळी आली की झाकण लावून भांडं गोधडीत गुंडाळून ठेवा, उरलेलं शिजणं आपोआप होतं. पाऊस आहे म्हणून बंद खोलीत चूल किंवा शेगडी पेटवून झोपू नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.

दारामागची पिशवी

भूकंपानं शिकवलेली गोष्ट: सगळं एका खोलीत असेल तर सगळं एकदम जातं. तीन दिवसांचा थर पिशवीत भरून दाराजवळच्या खुंटीला अडकवा. उतरंड, जड डबे, भरलेली मांडणी यांच्या खाली कुणाचं अंथरूण नको. जड वस्तू खाली, हलक्या वर. पूररेषेतल्या घरांनी पंधरा दिवसांचा थर उंचावर किंवा गावातल्या उंच भागातल्या नातेवाइकाकडं ठेवावा. बदल्यात त्यांचाही एक डबा आपल्याकडं.

पिशवीत: फुटाणे, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खारका, मुरमुरे. निघायची सूचना आधी मिळाली तर दशम्या किंवा धपाटे करून घ्या. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. पंधरा दिवसांची चालू औषधं, बॅटरी, शिट्टी, दोरी, चार्ज केलेली पॉवर बँक, पॅड, एकेक कपडा, चादर. आधार, रेशनकार्ड, सातबारा, पासबुक यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि दहा-वीस-पन्नासाच्या नोटा, कारण वीज नसली की फोनवरून पैसे देता येत नाहीत. कागदावर लिहून: ११२ तातडीची मदत, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष. विजांसाठी फोनवर दामिनी अॅप घेऊन ठेवा. आपल्याकडं शेतात वीज पडून माणसं जातात ती बहुधा झाडाखाली थांबल्यामुळं.

घरात इन्सुलिन लागत असेल तर बाटली घट्ट बंद डबीत, डबी छोट्या मडक्यात, आणि ते मडकं ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात. फ्रीज बंद पडला तरी गारवा टिकतो.

जनावरं असतील तर त्यांचीही बेगमी. मोठ्या जनावराला दिवसाला ६ ते ८ किलो कोरडा चारा लागतो, उन्हाळ्यात ४० लिटरच्या वर पाणी. कडब्याची गंज विजेच्या तारांखाली रचू नका, आणि पुराचा धोका असेल तर दावं झटकन सुटेल अशी गाठ ठेवा.

वर्षातले चार दिवस

तपासणीसाठी वेगळी तारीख कशाला, सण आहेतच. गुढीपाडव्याला नवं धान्य घ्यायचं ठरवा आणि जुन्याची यादी करा. मृग लागायच्या आत वाळवण पुरं, कोठ्या बंद, सरपण झाकलेलं. महालक्ष्म्यांच्या आधी घर झाडतोच, तेव्हा कोठीतला वरचा हातभर थर तपासा; पावसाळ्यातली बुरशी याच वेळी सापडते. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला दारामागच्या पिशवीतली औषधं आणि खाऊ बदला, जुना खाऊ त्याच दिवशी शेतात नेऊन संपवा. प्रत्येक डब्यावर भरल्याचा महिना लिहा. जुनं पुढं, नवं मागं.

पैसे हातात नसतील तर कोठी रिकामी राहू द्या, पण सावकाराकडं जाऊ नका. व्याजानं भरलेल्या कोठीतलं धान्य हप्त्यासाठी विकावं लागतं, तेही पडत्या भावानं. भाव चढायला लागले की धावून घेऊ नका. त्यामुळं हातावर पोट असलेल्याच्या वाट्याचं जातं. सुगीत दोन पायल्या जास्त घ्या, पुढच्या सुगीत चार.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, एका संध्याकाळी मेन स्विच बंद करा, नळ आणि गॅसला हात लावू नका आणि साठ्यातूनच रात्रीचं जेवण करा. काय सापडलं नाही, कोणतं झाकण उघडलं नाही, जात्याचा खुंटा ढिला निघाला का, आजीची गोळी कुठं होती, ते सगळं त्याच रात्री कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा, आणि येत्या आठवडी बाजाराची यादी त्यावरूनच करा.